एका बोटाची जागा

लोहाराच्या बोटाला डास चावला, तर डासाचीच सोंड वाकायची. तांबडालाल कोळसा तो असा उचलायचा, जणू कुणाची पडलेली टिकली. अशा माणसाला मुलगी झाली ती मात्र एवढीशी, म्हणून सगळे तिला टिचकी म्हणत.

टिचकीचं ऑपरेशन झालं, पण श्वासाची वाट मोकळी होईना. मग डॉक्टरांनी गळ्याला पुढून भोक पाडून नळी बसवली. श्वास नळीतूनच आत-बाहेर, त्यामुळे तोंडाला आवाज म्हणून नाही. नळी मानेभोवती पट्टीनं बांधायची. घरी सोडताना सिस्टरनं बजावलं होतं, "पट्टीखाली एक बोट जाईल एवढीच ढील ठेवा."

पट्टी बायको बदलायची, पण तिचा हात भाजून बसला. "द्या इकडे," लोहार म्हणाला. "मी बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवल्यात, पट्टीचं काय घेऊन बसलात." टिचकीच्या आत्यानं नळी धरली, त्यानं पट्टी बांधली आणि बोट घालून पाहिलं. जाईना. ढील दिली. तरी जाईना. आणखी दिली, तेव्हा कुठं गेलं.

"एक बोट. नियम म्हणजे नियम," तो ऐटीत म्हणाला.

थोड्या वेळानं आत्या टिचकीला गुदगुल्या करत होती. पोरीला खोकल्याची उबळ आली आणि पाठोपाठ तोंडातून आवाज निघाला. बारीक, गंजक्या बिजागरीसारखा.

"दादा, अरे पोरगी बोलली."

लोहार धावत आला. त्याचे डोळे भरून आले. "परत बोल गं, राणी माझी."

परत आवाज आला, आधीपेक्षा बारीक. आत्यानं टाळ्या पिटल्या.

बायको ओल्या केसांनी न्हाणीतून आली ती दारातच थिजली. "अहो, नळी असताना आवाज कसा येईल?"

लोहारानं लाळेरं वर केलं. नळी पोरीच्या छातीवर लोंबत होती. ओठ जांभळे पडले होते.

"माझा हात चालत नाही. तुम्हीच घाला," बायको म्हणाली आणि पोरीच्या खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली.

अडीअडचणीसाठी उशाशी ठेवलेल्या दोन नळ्यांतली पहिली त्याच्या हातून जाईना. "तिच्याहून बारीक आहे ती घ्या," बायको म्हणाली. ती गेली. आतून खर्रकन हवा आली, मग पुन्हा आली. ओठांवर हळूहळू रंग चढला. नळी बायकोनं भाजल्या हातानंच दाबून धरली होती.

"पट्टी एवढी सैल? माप कुणाच्या बोटाचं घेतलंत?"

लोहारानं आपलं जाडजूड बोट मुठीत लपवलं. आत्या भिंतीला टेकून स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती.

"वहिनी, मी टाळ्या वाजवल्या गं."

"आणि मी परत बोल म्हणालो," लोहार पुटपुटला.

"जे काय रडायचं ते गाडीत रडा," बायको म्हणाली. "आधी दवाखान्यात चला."