यंत्राने सांगितलेलं घर

सकाळी कामाला बसायची वेळ झाली आणि कॉम्प्युटरने सूनबाईला तिच्याच घरातून हाकलून दिलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: तुम्ही नोंदवलेल्या जागेपासून दूर आहात, प्रवेश नाही. सूनबाई तर होती तिथेच होती. तीच खुर्ची, तीच खिडकी, टेबलावर गार होत चाललेला चहा. एका विमा कंपनीसाठी ती घरबसल्या फोन घ्यायची, आणि कंपनीचा दंडक असा की फोन घरूनच घ्यायचे, भलतीकडून नाही. माणूस कुठे बसलाय हे कंपनी माणसाला विचारत नसे, कॉम्प्युटरला विचारत असे. आता कॉम्प्युटरच खोटं बोलायला लागला तर दाद मागायची कुणाकडे?

तिने नकाशा उघडला. आपण इथे आहोत असं सांगणारा निळा ठिपका तीन तासांच्या वाटेवर, सासऱ्यांच्या गावात, त्यांच्या जुन्या घरावर जाऊन बसला होता.

"काय म्हणतोय तो?" मागून अप्पांनी डोकावलं. अप्पा म्हणजे तिचे सासरे. जन्मभर लोकांना चष्मे करून दिलेला माणूस, पण स्वतःची नजर अजून घारीची.

"काही नाही अप्पा, बिघडलाय. आपण तुमच्या गावच्या घरात आहोत म्हणतोय."

अप्पा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "बिघडलाय कसला? या घरात शहाणं असं तेवढं एकच दिसतंय."

सूनबाईने नजर पडद्याकडे वळवली. आज तरी हा विषय निघायला नको होता.

सासूबाई गेल्या तेव्हा नवऱ्याने अप्पांना इकडे आणलं. चार दिवस म्हणून आलेले अप्पा पुढे परत जायचं म्हणू लागले, तेव्हा नवरा म्हणाला, "अप्पा, ते घर तुम्ही विकलंत ना! घेणाऱ्याने पाडलंसुद्धा." अप्पा म्हणाले, मी नाही विकलं. नवरा हळूच म्हणाला, "विसरलात." तो शब्द अप्पांना जो चिकटला तो चिकटलाच. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचं काम सूनबाईही करायची, पण तिचा तो वेंधळेपणा आणि अप्पांचं ते लक्षण. "तुम्हीच विकलंत हो अप्पा," हे तिनेही शंभरदा म्हटलं होतं, लहान मुलाला समजवावं तसं, मायेने. रिकामी जागा बघून त्रास होईल, असं म्हणत नवरा त्यांना गावी नेत नसे. दोन वर्षं भांडून अप्पा थकले. एक दिवस स्वतःच म्हणाले, "माझ्या डोक्याचा मलाच भरवसा राहिला नाही. मला कुठेतरी नेऊन ठेवा." आज संध्याकाळी नवरा त्यांना वृद्धाश्रमात सोडायला जाणार होता. बॅग भरून तयार होती.

कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून आवाज आंबलेला.

"मॅडम, एवढ्यात राउटर बदललात का?"

"हो. आधीचा जळला. गेल्या आठवड्यात मिस्टरांनी दुसरा आणला. बाजारातून, जुनाच."

"मग तेच. कॉम्प्युटरला बिचाऱ्याला काय कळतंय आपण कुठे आहोत ते? तो राउटरला ओळखतो आणि राउटर आधी जिथे चालू होता ती जागा सांगतो. जवळून जाणाऱ्यांच्या फोनमधून तशी नोंद होत असते. नव्या जागेची नोंद व्हायला वेळ लागतो."

"अहो, पण तिथे घरच नाही. कधीच पाडलं."

"मग राउटर काय ढिगाऱ्यात चालू होता?" तो वैतागून म्हणाला. "अगदी आत्ताआत्तापर्यंत तिथेच होता तो. ते जाऊ दे. सेटिंगमध्ये जा, लोकेशन उघडा, नेहमीची जागा म्हणून नकाशावर आपलं घर दाखवा. पण त्याआधी नकाशात दिसणाऱ्या चुकीच्या जागेचा फोटो पाठवा, रस्ता नीट दिसेल असा. तो जोडल्याशिवाय वरचे मला तुमचा प्रवेश उघडू देणार नाहीत."

सूनबाईने नवऱ्याला फोन लावला. "कॉम्प्युटर अडून बसलाय. राउटर कुठून आणलास रे?"

"बाजारातून. का गं, चालत नाही?"

"चालतोय."

ती पुन्हा नकाशाकडे वळली. ठिपका मोठा केला, गल्ली मोठी केली, मग रस्त्यावरून दिसतं ते चित्र उघडलं. तिथे मोकळी जागा असेल, नाहीतर एखादी नवी इमारत, असं ती धरून चालली होती.

घर उभं होतं.

वरच्या मजल्याला नवा पिवळा रंग होता. खिडक्यांना नवे पडदे होते. आणि खालच्या दुकानाच्या दारावर अप्पांनी स्वतः कापून लावलेला पत्र्याचा भलामोठा चष्मा तसाच होता. त्याच्या एका भिंगावर कुणीतरी रंगवलं होतं: चष्मा निवास. दुसऱ्यावर: खोल्या मिळतील. खाली फोन नंबर. चित्राच्या कोपऱ्यात तारीख होती, याच वर्षीची.

सूनबाईने पडदा बंद केला, परत उघडला. घर गेलं नव्हतं. पाडलेलं घर असं ठणठणीत उभं राहिलेलं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग मन सारवासारव करू लागलं. घेणाऱ्याने पाडायचं रद्द केलं असेल. खोल्या भाड्याने द्यायचा विचार केला असेल. नंबरही तिच्या ओळखीचा नव्हता, तेवढाच आधार. पण मग त्या परक्या माणसाचा राउटर आपल्या टेबलावर कसा आला, इथे मनाची गाडी अडत होती.

तिने फोटो पाठवला. सांगितलं तसं लोकेशन बदललं, नकाशावर आपल्या घरावर बोट ठेवावं तसा ठिपका आणून ठेवला. थोड्या वेळाने लाल अक्षरं गेली आणि कंपनीची फोनलाइन उघडली. या लाइनवरून फोन केला की समोरच्याला कंपनीचाच नंबर दिसतो. दिवसाचा पहिला फोन तिने विम्यासाठी केला नाही. चष्म्याखालचा नंबर फिरवला.

"नमस्कार, चष्मा निवास. किती माणसांसाठी खोली हवी?"

नवऱ्याचा आवाज होता. गोड, आर्जवी, अजिबात घाई नसलेला. दोन तासांपूर्वी डबा घेऊन कामावर गेलेला तिचा नवरा.

"हॅलो? आवाज येतोय का?"

आवाज येत होता. तिने फोन ठेवला आणि कानांवरचे हेडफोन काढून नुसती बसून राहिली. दर पंधरवड्याला कामानिमित्त बाहेरगावी जाणारा नवरा कुठे जात होता ते आता कळलं. पण तिला घराचं काही वाटत नव्हतं. भाड्याचंही नाही. सरळ तोंडावर "घर मला हवंय" म्हणाला असता तरी अप्पांनी देऊन टाकलं असतं. त्याऐवजी त्याने एका धडधाकट माणसाला वेडा ठरवलं. रोज, जेवताना, झोपताना, हळू आवाजात. आणि त्याच्या सुरात सूर कोणी मिसळला? तिनेच. तिला स्वतःच्या जिभेची शिसारी आली.

"अप्पा," ती म्हणाली, "इकडे या. हे बघा."

अप्पा आले, वाकले. पत्र्याच्या चष्म्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "डावीकडे पत्रा गंजलाय. वरूनच रंग फासलाय गाढवांनी."

सूनबाईने सगळं सांगितलं. राउटर कुठून आला, नंबर कुणी उचलला. काही लपवलं नाही, आपलं काही झाकलं नाही. सांगताना तिला रडू फुटलं. अप्पांना नाही.

"म्हणजे मी घर विकलं नव्हतं."

"नाही अप्पा."

"माझं डोकं ठीक आहे."

"माझ्यापेक्षाही ठीक आहे."

त्यांना हायसं वाटेल, निदान राग येईल, असं तिला वाटलं होतं. अप्पा खुर्चीत बसले आणि हाताचे तळवे बघत राहिले. "वेडाच असतो तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "घर गेलं असतं, डोकं गेलं असतं, पोरगा तरी राहिला असता."

ती डोळे पुसत उठली. "येऊ दे त्याला. आज मी त्याला सोडत नाही."

अप्पा उठून आतल्या खोलीत गेले.

संध्याकाळी बेल वाजली. नवरा आत आला, चपला काढता काढता म्हणाला, "झाला का तुझा कॉम्प्युटर दुरुस्त?"

"झाला. ये ना, बघ."

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. पिवळं घर, पत्र्याचा चष्मा, खाली नंबर. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. हे काय आहे, असं त्याने विचारलं नाही. कुणाचं घर, असंही नाही. तो एवढंच म्हणाला, "अप्पांना दाखवलंस?"

सूनबाईने तोंड उघडलं. दिवसभर घोळवलेली वाक्यं ओठांवर आली होती, एकेक वाक्य चाबकासारखं. पण अप्पा आतल्या खोलीतून बाहेर आले होते. ते मुलाच्या शेजारी येऊन उभे राहिले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून पडद्यावर वाकले आणि नीट निरखून पाहू लागले.

"कुणाचं घर रे हे?" ते म्हणाले. "छान आहे. मला काही आठवत नाही."

सूनबाईच्या ओठांवरची वाक्यं तिथेच थिजली. दोन वर्षांत अप्पा काहीबाही विसरले असतील, पण त्या घराचं नाव निघालं आणि त्यांना आठवलं नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. जिन्याची कुठली पायरी करकरते तेही ते सांगायचे. हे नवऱ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने मान वळवून बापाच्या तोंडाकडे पाहिलं. अप्पांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही. तो तिथेच फरशीवर खाली बसला.