निळी काच आंधळी नव्हती

मी बोलतेय, निकिफोरच्या टोपीला शिवलेली निळी काच. उरलमधल्या पोलादाच्या कारखान्यात माझा जन्म गेला. पेटत्या भट्टीत नुसत्या डोळ्यांनी पाहवत नाही, माझ्याआडून मात्र सगळं लख्ख दिसतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावरच आळ आला.

निकिफोर भट्टीचा मुख्य, त्याचा मुलगा ग्लेब त्याच्याच हाताखाली. बाप त्याला कामावर "ए सुस्तोबा" अशी हाक मारायचा आणि तो हसायचा. घरून आणलेला कोबीचा पाव मात्र दोघं अर्धा-अर्धा खायचे.

नोव्हेंबरचा क्रांतिदिनाचा सण तोंडावर आला होता. आमच्याकडे सणाला कारखान्यानं देशाला भेट द्यायची रीत आहे: ठरल्यापेक्षा जास्त पोलाद. निकिफोरनं भर सभेत शब्द दिला होता. मानाच्या फळ्यावर त्याच्या फोटोची जागाही राखून ठेवली होती.

सणाच्या आदल्या दिवशी त्यानं मला डोळ्यांवर ओढलं आणि भट्टीत पाहिलं. भट्टीच्या आतल्या छपराच्या विटा वितळून मेणासारख्या गळत होत्या. मी दाखवलं, त्यानं पाहिलं.

ग्लेबनं विचारलं, "बाबा, छप्पर कसंय? भट्टी थांबवायची का?"

"थांबवून तोंड कुठे लपवू? पोलादाचा एवढा एक घाणा तरी निघेल. जा, आत चुना टाक."

"सुस्तोबा निघाला हो!" म्हणत तो फावडं घेऊन भट्टीच्या दाराशी गेला. तेवढ्यात छप्पर कोसळलं. आगीचा लोट बाहेर आला आणि ग्लेब त्यात सापडला. पोरगं हाती लागलं नाही.

चौकशीला साहेब आले. निकिफोर म्हणाला, "काच जुनी झालीय. हिच्यातून काही दिसलंच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. फळ्यावरच्या त्या जागी ग्लेबचा फोटो लागला, काळ्या फितीत. अगं बाई, काय संताप झाला माझा! पण मला कोण विचारतंय?

ग्लेब गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आटोपून पाहुणे गेले. ग्लेबची आई अगाफ्या चुलीत लाकडं सारत होती. तिनं खुंटीवरची टोपी काढली, मला डोळ्यांपुढे धरलं आणि चुलीत पाहत राहिली.

"निकिफोर, हिच्यातून तर निखारा न् निखारा दिसतोय रे."

तो वाटीत चमचा फिरवत बसला.

"तुला दिसलं होतं."

"हो," तो म्हणाला.

तिनं शिवण उसवून मला काढलं आणि जेवणाच्या मेजासमोर, ग्लेबच्या फोटोशेजारी ठेवलं. निकिफोर रोज तिथेच जेवतो, पण मान वर करत नाही. ती त्याच्याशी बोलत नाही.

माझं एकच मागणं आहे. मला फोडा, पुरा, काय वाटेल ते करा. फक्त आंधळी म्हणू नका. मी दाखवलं होतं हो.