चार हजार अश्वशक्ती आणि एक नट

घरचा नळ मला कधीच दुरुस्त करता आला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर बायको सांगेल. मी वॉशर बदलायला बसलो की तासाभरात स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी साचायचं आणि मी शेजाऱ्यांच्या दारात पाना मागत उभा असायचो. अशा माणसाकडे रेल्वेने देशातल्या सगळ्यात ताकदवान डिझेल इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या सोपवल्या. यात रेल्वेची चूक नव्हती. माझी ड्रॉइंग्ज फार देखणी असायची.

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो आणि इंजिनांचे आराखडे काढणाऱ्या कार्यालयात होतो. तिसऱ्या मजल्यावर खिडक्यांच्या कडेने तिरक्या फळ्या मांडलेल्या असत आणि आम्ही अकराजण दिवसभर पेन्सिलींना टोकं करत बसायचो. एकदा आमचे मोठे साहेब कुठलंसं प्रदर्शन बघून आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना गोळा केलं.

"चढावर दोन-दोन इंजिनं जोडायचे दिवस संपले," ते म्हणाले. "आपण एकाच इंजिनाच्या पोटात दोन डिझेल यंत्रं बसवायची. चार हजार अश्वशक्ती. आहे कोणाची छाती?"

छाती सगळ्यांनीच पुढे केली. माझी जरा जास्त पुढे आली असावी, कारण यंत्रं थंड ठेवायचं काम माझ्याकडे आलं. कागदोपत्री नाव ठरलं 'प्रायोगिक उच्चशक्ती इंजिन, क्रमांक एक'. क्रमांक दोन कधी झालंच नाही, पण त्या दिवशी आम्ही पन्नासपर्यंतचे आकडे राखून ठेवले होते.

एका इंजिनाच्या जागेत दोन यंत्रं कोंबली की नळ्यांना जागा उरते ती भिंतीला पाल चिकटेल एवढीच. तेवढ्यातून मी सतरा वळणं घेऊन पाणी छपराखालच्या रेडिएटरपर्यंत नेलं. साहेबांनी ते ड्रॉइंग चौकटीत घालून भिंतीवर लावलं आणि माझा रथ जमिनीच्या चार बोटं वरून चालायला लागला. सासरी जेवायला बसलो तरी मिठाची वाटी म्हणजे रेडिएटर, पाण्याचे दोन पेले म्हणजे दोन यंत्रं, असं मांडून सगळ्यांना समजावत बसायचो. माझ्या मेहुण्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने एकदा शांतपणे विचारलं, "भाऊजी, आणि बिघडलं तर?"

"बिघडायला बांधतो का आम्ही?" मी म्हणालो.

"सायकलीसुद्धा कोणी बिघडायला बांधत नाही. तरी माझं दुकान चालतं."

बायको हसली. मी मोठ्या मनाने दोघांनाही माफ केलं.

बांधणीला सुरुवात होण्याआधी साहेबांनी इंजिन दुरुस्तीच्या शेडमधून एका जाणत्या फिटरला ड्रॉइंग्ज बघायला बोलावलं. आल्या त्या मावशी. ठेंगण्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बावीस वर्षं शेडमध्ये काढलेल्या. त्यांच्याहून मोठे ड्रायव्हरसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. त्यांनी माझ्या सतरा वळणांवरून सावकाश बोट फिरवलं आणि पंधराव्या वळणाच्या मागे थांबवलं.

"साहेब, ह्या नटापर्यंत हात कसा जायचा?"

"तिथे हात घालायची वेळच येणार नाही," मी म्हणालो.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि चष्मा उतरवला. बैठकीचं टिपण लिहिणाऱ्या कारकुनाने माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मला तेव्हा ते बरंच वाटलं.

रंगाच्या बैठकीतही मी तोंड उघडलं. पांढरा द्यावा, त्यावर निळा पट्टा, असं सुचवलं आणि ते मान्य झालं. इंजिन शेडमध्ये आलं तेव्हा मावशी त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "रंग तरी दुसरा द्यायचा होता, साहेब. लोकांना आयतं नाव मिळालं." दुपारच्या चहापर्यंत सगळी शेड त्याला पांढरा हत्ती म्हणायला लागली होती.

पण एक खरं, सुरुवातीला हत्ती चालला. ज्या चढावर कायम दोन इंजिनं लागायची तिथे त्याने बावीस डबे एकट्याने वर नेले. मी ड्रायव्हरच्या मागे उभा होतो. वेगाचा काटा जागचा हलला नाही. ड्रायव्हर मितभाषी माणूस. साहेबांनी त्याला वर पोचल्यावर अभिप्राय विचारला, तर तो म्हणाला, "ओढतं." साहेबांनी हेच वाक्य प्रशस्तीपत्र म्हणून छापायला दिलं.

वर्तमानपत्रात फोटो आला. साहेब, पाहुणे, हारतुरे आणि डाव्या टोकाला माझा उजवा कान. बायको शाळेत शिकवायची. ती कात्रण वर्गात घेऊन गेली, तर एका मुलीने विचारलं, "बाई, सरांचं बाकीचं कुठे आहे?" तरी मी नवा कोट शिवून घेतला आणि तीन महिने व्याख्यानं देत हिंडलो. विषय एकच, उद्याची रेल्वे.

चौथ्या महिन्यात गळती सुरू झाली. दोन यंत्रं एका लयीत थरथरत नव्हती. एक जरा पुढे, एक जरा मागे. या ओढाताणीत पंधराव्या वळणामागचा नट केसभर सैल व्हायचा. पाणी ठिबकायचं, एक यंत्र तापायचं आणि आपोआप बंद पडायचं. मग सगळा भार दुसऱ्यावर यायचा, तेही तापायचं आणि बंद पडायचं. आम्ही इतकं सुरक्षित इंजिन बांधलं होतं की ते बहुतेक वेळ बंदच असायचं.

हे मी घरी बोललो नव्हतो. उलट बायकोला आणि मेहुण्याला त्याच इंजिनाच्या गाडीने एका लग्नाला घेऊन निघालो. म्हटलं, एकदा यांना दाखवूच. भर दुपारी, अर्ध्या चढावर, गाडीचा वेग मंदावला आणि ती उभी राहिली. लोक खाली उतरले. मीही उतरलो, कोट घालून. टोपीवाले एक गृहस्थ माझ्याजवळ आले.

"तुम्ही रेल्वेतले का हो?"

"छे," मी म्हणालो, "आम्ही लग्नाला चाललोय."

बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यात पुढून ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, "साहेब, तुमची नळी!" टोपीवाल्या गृहस्थांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि टोपी पुन्हा घातली. धरणी दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला तिथे खडीवर उभं राहून कळलं.

दोन तासांनी एक जुनं, काळं, डबे इकडेतिकडे करायला ठेवलेलं इंजिन धापा टाकत आलं आणि आम्हाला उलटं खालच्या स्टेशनात घेऊन गेलं. लग्न लागून गेलं होतं. फलाटावर मेहुण्याने मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, भाऊजी. सायकलची चेनसुद्धा चढावरच पडते." त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. "आठवडाभर शेडमध्ये जाऊन बघून या जरा." मी आठवडाभरासाठी गेलो आणि चौदा महिने झाले तरी तिथेच होतो.

पहिल्या दिवशी मावशींनी सगळं समजावून सांगितलं. तो नट आवळायचा तर क्रेनने छप्पर उतरवायला लागतं, त्यात दोन दिवस जातात. नाहीतर त्यांनी स्वतः खालून आडवं होऊन, पाना अर्धा कापून, बोटांच्या टोकांनी फिरवायचा. "माझा हात बारीक म्हणून जातो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचा जात नाही."

"जायला पाहिजे," मी म्हणालो. "मी माप धरलं होतं."

कोट काढून खुंटीला लावला, बाही वर केली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. पाना नटाला लागल्याचं जाणवलंसुद्धा. फक्त हात परत येईना. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि सगळी शेड डबे हातात घेऊन माझ्याभोवती जेवायला बसली.

"मूठ सोडा, साहेब," मावशी म्हणाल्या.

"सोडली तर पाना आत पडेल."

"पडू द्या. आत आधीचे तीन आहेत."

मी मूठ सोडली. चौथा पाना खणखणत आत गेला. मावशींनी माझ्या दंडाला ग्रीस चोपडलं आणि हात हळूहळू फिरवत बाहेर काढला, अगदी फसलेली बांगडी काढावी तसा. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर बैठकीचं ते जुनं टिपण लागलेलं होतं. 'तिथे हात घालायची वेळच येणार नाही' या ओळीखाली कोणीतरी काळ्या बोटाने रेघ ओढली होती. मी ते काढलं नाही. खाली माझी सही केली, तारीख घातली आणि कामाला लागलो.

त्यानंतर मावशी मला खरं बोलायला लागल्या. यंत्रावर हात ठेवून त्याचा ताप कसा ओळखायचा, पाणी आधी दिसतं की आधी वास येतो, हे त्यांनी शिकवलं. मी पंधरा वर्षं इंजिनं काढली होती, पण एकाही इंजिनाखाली झोपलो नव्हतो. दोन महिन्यांनी मी त्यांना विचारलं, "मावशी, त्या नटापर्यंत हात जायला दार कुठे हवं होतं?"

त्यांनी खडू घेतला आणि इंजिनाच्या पांढऱ्या अंगावर एक चौकोन काढला, वहीच्या पानाएवढा. त्यासाठी त्यांना एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही. तो चौकोन त्यांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होता.

मी हिशोब करून कागद साहेबांकडे नेला. सांगाडा कमजोर होणार नाही, एवढंच सिद्ध करायचं होतं. साहेबांनी माझ्याकडे न बघता सही केली. माझ्या ड्रॉइंगच्या जागी भिंतीवर आता कॅलेंडर होतं.

दार कापलं. नट माझ्या जाड हाताने, मी स्वतः, दहा मिनिटांत आवळला. मग त्यावर मावशींनी एक पट्टी बसवली आणि तो जोड पुन्हा कधी गळला नाही. त्या दिवशी मला वर्तमानपत्रातल्या कानापेक्षा जास्त आनंद झाला होता, हे मी बायकोशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

पण वरातीमागून घोडं. नळी बरी झाली तोवर पंखे आजारी पडले, पंखे सावरले तर केबली जळायला लागल्या. एका यंत्राला हात लावायचा तर दुसरं बाजूला करायला लागायचं. तिकडे रेल्वेने निम्म्या ताकदीची साधी इंजिनं घेतली होती. चढावर दोन जोडायची. एक बंद पडलं तर दुसरं गाडी रखडत का होईना, घरी आणतं. म्हणजे जे दिवस संपले म्हणून साहेबांनी सांगितलं होतं ते संपलेच नव्हते. साहेबांना बढती मिळाली आणि आम्हाला पत्र आलं, की क्रमांक एक सेवेतून काढून भंगारात पाठवावं.

माझी जागा कार्यालयात रिकामी होती. मी अर्ज करून शेडमध्येच राहायचं मागितलं. भीत भीत बायकोला सांगितलं, तर ती वह्या तपासता तपासता म्हणाली, "मग तो कोट देऊन टाका मला. चांगलं कापड आहे, पिशव्या होतील."

भंगाराचं आवार साठ किलोमीटरवर होतं. दुसरं इंजिन लावून ओढत न्यायचं ठरत होतं. मी म्हणालो, आपल्या पायांनी जाऊ दे. सकाळी सातला ड्रायव्हर, मावशी आणि मी निघालो. मागे डबा नाही, समोर सिग्नल हिरवे. मी दर दहा मिनिटांनी आत जाऊन नळ्या चाचपून यायचो. सगळं कोरडं. पंखे फिरत होते, केबली थंड होत्या, दोन्ही यंत्रं एका सुरात चालली होती.

"आज काय झालंय याला?" ड्रायव्हर म्हणाला. एवढं मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

आम्ही चाळीस मिनिटं आधी पोचलो. फाटक बंद होतं. शेवटी आवाज ऐकून आतला राखणदार छापील फॉर्म घेऊन आला.

"माल काय?"

"इंजिन," मी म्हणालो.

"चालू की बंद?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. यंत्रांच्या घरघरीत त्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नव्हता, तरी तो उत्तराची वाट बघत होता.

"चालू," मी म्हणालो.

"चालू माल घेता येत नाही. फॉर्मवर बंद लिहावं लागतं, आणि खाली सही."

मी पुन्हा वर चढलो. दोन बटणं होती, दोन यंत्रांची. पहिलं दाबलं. दुसऱ्यासाठी मावशींकडे बघितलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. "तुमचं आहे, साहेब. तुम्हीच करा."

मी दाबलं. घरघर थांबली आणि फाटकापलीकडे कोणीतरी पत्रा कापत होतं, तो आवाज एकदम जवळ आला. खाली उतरून मी फॉर्मवर बंद असं लिहिलं आणि सही केली.

"कधीपासून बंद आहे?" राखणदाराने विचारलं. "इथे तारीख-वेळ लागते."

मी घड्याळ बघितलं आणि लिहिलं, आज सकाळी, आठ वाजून बावीस मिनिटं. त्याने ते वाचलं, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि शिक्का मारला. मावशींनी मला हात पुसायला चिंधी दिली. माझ्या हातांना काहीच लागलं नव्हतं, तरी मी बराच वेळ पुसत उभा राहिलो.

"चला," त्या म्हणाल्या, "नऊची बस चुकेल."