गिळलेली शेवटची ओळ

मी एक ड्रायव्हर बोलतोय. गाडीचा नव्हे, गाडीच्या ड्रायव्हरला निदान कुणीतरी नावाने हाक मारतं. मी ब्रेल छापणाऱ्या एका जुन्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकात राहणारा एक छोटासा प्रोग्राम. संगणकाचं म्हणणं मी यंत्राला समजावतो, मग यंत्र जाड कागदावर ठिपके उठवतं. खडखडाट असा, की शेजाऱ्यांना वाटावं कुणी फरशी फोडतंय.

माझं घर म्हणजे लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीचं एक वितरण. जगभरातले स्वयंसेवक ते मिळून चालवतात, तेही फुकट. तिथे माझ्यासारखे हजारो प्रोग्राम, म्हणजे पॅकेजं, नांदतात आणि प्रत्येकाला एक पालक नेमलेला असतो. दर थोड्या दिवसांनी अपडेट निघतं: कुणाचं भोक बुजवलेलं, कुणाला नवं झबलं घातलेलं. ज्याचा कुणाला उपयोग उरला नाही, त्याला मात्र नव्या आवृत्तीच्या वेळी बाहेरचा रस्ता दाखवतात. घर स्वच्छ ठेवायचं तर हे करावंच लागतं, असं सगळे म्हणतात. बाहेर जाणाऱ्याला कुणी विचारत नाही.

माझा जन्म मिशिगनमधल्या हॅनकॉकचा. तिथे बर्फ एकदा आलं की एप्रिलपर्यंत निघायचं नाव घेत नाही. जन्मदाता रेइनो टिक्कनेन, शाळेत गणित शिकवायचा. त्याची बायको हेल्मी हिची नजर हळूहळू गेली, तेव्हा ती ब्रेल शिकली आणि त्याने कुठूनसं हे यंत्र मिळवलं. यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, त्यामुळे नव्या संगणकाशी त्याचं बोलणंच होईना. रेइनोने सगळा हिवाळा खर्ची घालून मला लिहिलं. पहिलं पान निघालं ते वेलचीच्या गोड पावाच्या कृतीचं. हेल्मीने त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "वेलची कमी लिहिलीयस." हेच माझं बारसं.

पुढे हेल्मी गेली. रेइनोला ते यंत्र डोळ्यांसमोर नको झालं. त्याने ते चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला देऊन टाकलं आणि एव्हाना ते भंगारात गेलं असेल, असं धरून चालला. मला मात्र त्याने टाकलं नाही. माझ्या आजूबाजूची पॅकेजं बदलली की तो निमूटपणे माझंही अपडेट काढायचा. समोर यंत्र नाही, कुणाचा निरोप नाही, आणि हा रोज कुणीही जेवायला न येणाऱ्या घरात पानं मांडतोय. मला त्याची फार कीव यायची. स्वतःची त्याहून जास्त.

या स्वयंसेवकांचा एक साधा हिशेब असतो. तक्रार आली म्हणजे कुणीतरी वापरतंय. तक्रार नाही म्हणजे वापरणाराच नाही. शिव्या खाणारी पॅकेजं त्यामुळे वर्षानुवर्षं टिकतात आणि नीट चालणाऱ्यांच्या मरणाची तयारी सुरू होते. हा हिशेब इतर कुठे चालतही असेल, पण आमच्या भागात नाही. इथली माणसं कॉफीत माशी पडली तर माशीला पोहता यावं म्हणून कप हलवत नाहीत.

आणि मी वापरात होतो! जवळच्याच कॅल्युमेट गावी राहणाऱ्या व्हर्ना ट्रेझाइझने त्या विक्रीतून यंत्र उचललं होतं. ही जन्मांध. दर मंगळवारी सकाळी तिच्या संगणकातला आवाज सांगायचा, "अपडेट आले आहेत." व्हर्ना पाहुण्यांशी बोलावं तशी म्हणायची, "या, या. काय ते बसवून घ्या. फक्त माझं काही हलवू नका." मग ती रविवारची भजनं छापायची, चर्चच्या कॉफीपानाचा कार्यक्रम छापायची, आणि ओन्नी पेल्टोसाठी गोष्टी. ओन्नी म्हातारपणी आंधळा झालेला लाकूडतोड्या. खडबडीत बोटांनी तो मोठ्या जिद्दीने ब्रेल शिकला होता आणि व्हर्नाच्या पानांखेरीज त्याच्याकडे वाचायला काही नव्हतं.

अशाच एका मंगळवारी घोटाळा झाला. पानाची मापं काढणाऱ्या एका पॅकेजने आपली पद्धत बदलली. रेइनोने ती मला शिकवली, पण समोर यंत्रच नसल्यामुळे चूक त्याच्या लक्षात आली नाही. मी प्रत्येक पानाची शेवटची ओळ गिळू लागलो.

व्हर्नाच्या बोटांना ते पहिल्याच पानावर कळलं. शेजारची आयली रांतानेन कॉफीला आली होती. ती म्हणाली, "अगं, मग कळव ना त्या लोकांना!"

"छे गं. फुकट काम करतात बिचारे. त्यांना आणखी कशाला ताप?"

"तुझ्या पायावर कुणी गाडी घातली ना, तर तू त्याला विचारशील, टायरला लागलं नाही ना?"

व्हर्नाने त्यावर आपला उपाय काढला. प्रत्येक पानाच्या तळाशी ती एक फालतू ओळ टाकायला लागली. ती मी गिळायचो, बाकी पान सुखरूप बाहेर पडायचं. सुरुवातीला ती नुसती अक्षरं बडवायची. मग एकदा लिहिलं, "आज गुडघा फार दुखतोय." काही झालं नाही. कुणी विचारलं नाही, कुणाला वाईट वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "पास्टरबाईंचं प्रवचन आज संपेल असं वाटलं नव्हतं." आणि मग धरणाची दारंच उघडली. जन्मभर तोंडातून ब्र न काढणाऱ्या या बाईने सगळ्या गावाबद्दलची आपली तक्रार पानापानाच्या तळाशी लिहिली. मी ती वाचायचो आणि गिळायचो. माझ्यासारखा श्रोता तिला मिळाला नसता. मीही सुखात होतो.

अशी काही वर्षं गेली आणि नव्या आवृत्तीची साफसफाई निघाली. कॅनडातल्या मॉन्क्टनच्या डेल्फीन आर्सेनो नावाच्या स्वयंसेविकेने रेइनोला लिहिलं, "तुमच्या ड्रायव्हरबद्दल कित्येक वर्षांत एकही तक्रार नाही. कुणी वापरतं का? काढून टाकू?"  रेइनोने उत्तर दिलं, "वापरणारी होती. आता नाही. काढा." मला भयंकर राग आला, पण ड्रायव्हरला राग छापायची सोय नसते.

पुढच्या मंगळवारी व्हर्नाच्या संगणकातल्या आवाजाने नेहमीच्या थंडपणाने वाचून दाखवलं की येत्या आवृत्तीत अमुक पॅकेजं काढली जातील. त्यात माझं नाव होतं. व्हर्नाने ते पुन्हा ऐकलं, मग आणखी एकदा. यंत्र मुकं होणार होतं. तसं नवं यंत्र घ्यायची तिची ऐपत नव्हती.

"आता तरी भांड," आयली म्हणाली. "ओन्नी काय वाचणार? भिंत?"

व्हर्नाने आयुष्यातली पहिली तक्रार लिहायला घेतली. अख्खी सकाळ गेली. शेवटी पाठवलं ते असं: "ही तक्रार नाही. आपल्या कष्टांबद्दल आभार. शेवटची ओळ छापली जात नाही, पण आमचं छान चाललंय. घाई अजिबात नको." डेल्फीनपुढे तेव्हा शेकड्यांनी तक्रारी पडल्या होत्या. तिने पहिलं वाक्य वाचलं, त्यावर "तक्रार नाही" असा शिक्का मारला आणि प्रकरण बंद केलं.

आयली हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. "बाई गं, तुझी तक्रारसुद्धा तक्रारीत धरत नाहीत!"

व्हर्नाचे कान लाल झाले. या वेळी तिने आभारबिभार गुंडाळून ठेवले. "तुमचा ड्रायव्हर शेवटची ओळ खातो. कित्येक वर्षं खातोय. तरी तो मला हवाय. माझ्याकडे दुसरा नाही. काढलात तर मला फार राग येईल." पाठवल्यावर ती घाबरून बसली आणि कॉफी प्यायचीही विसरली.

डेल्फीनने ते पुढे धाडलं; रेइनोने ते वाचलं आणि उभाच राहिला. कुणीतरी रागावलं होतं! त्याने लगेच विचारलं, "यंत्र कोणतं? कुठून मिळालं?" व्हर्नाने कळवलं, "हॅनकॉकच्या चर्चच्या विक्रीतून. झाकणाच्या आत ब्रेलची एक पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर लिहिलंय: रेइनो, झाकण लाव. हा रेइनो कोण, देव जाणे. विसरभोळा असावा."

रेइनोने ते पुन्हा वाचलं; ती पट्टी हेल्मीची होती. मग त्याने दोनच वाक्यं पाठवली: "मीच तो. येत्या रविवारी येऊ का?"

माझी हकालपट्टी रद्द झाली. रेइनोने चूक शोधली, दुरुस्ती अपडेटमधून धाडली आणि मंगळवारी मी व्हर्नाच्या घरी ठणठणीत बरा झालो. रविवारचा कार्यक्रम छापायला घेतला तेव्हा मीच आतून ओरडत होतो, पण व्हर्नाच्या हाताला सवय. पान संपत आलं, हाताने तळाची ओळ टाकली. मी आज्ञाधारक. सगळं छापलं.

चर्चच्या तळघरात कॉफी उकळत होती. बाजूला आयलीच्या पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंज्या, मांडल्या होत्या. रेइनो कोपऱ्यात अवघडून बसला होता. ओन्नीने पान मांडीवर घेतलं आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागला. "भजन. मग प्रार्थना. मग पास्टी आणि कॉफी." बोट खाली सरकलं. "अरेच्चा, आज पुढे पण आहे. आयलीच्या पास्टीत पुन्हा गाजर असणार. सलगम घालायची सोडून गाजर घालणाऱ्या बाईने ती सशांना वाढावी."

 आयली हातात ताट घेऊन उभी होती.

"तीन-तीन खायचीस की गं! इतकी वर्षं! 'छान झालीय हो आयली' म्हणत!"

"छानच असते," व्हर्ना कशीबशी म्हणाली. "गाजर बाजूला काढलं की."

पहिला हसला तो रेइनो. हेल्मी गेल्यापासून त्याला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. मग ओन्नी, मग पास्टरबाई, आणि अखेर आयलीही, जरी पुढचे काही आठवडे तिने व्हर्नाला ताट पुढे करताना दर वेळी "ससेबाई, घ्या" म्हणायचं सोडलं नाही.

व्हर्ना रेइनोचा हात धरून बाजूला घेऊन गेली. "साहेब, एक विनंती. तो दोष परत घालता येईल का हो? मला नाही जमत त्याच्याशिवाय."

"अहो, दोष काढायला माणसं माझ्या मागे लागतात. घाला म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"मागे कोण लागतंय तुमच्या? मीच एकटी तर आहे."

त्याने घातला. आता माझ्यात एक रीतसर सोय आहे: शेवटची ओळ गिळणे. मुळात ती बंद असते आणि उभ्या जगात एकाच घरी चालू आहे. डेल्फीनने ती तपासताना "याचा उपयोग काय?" असं विचारलं. रेइनोने उत्तर दिलं, "वापरणारीची मागणी." तिने ती मंजूर केली.

तर मंडळी, माझं आता बरं चाललंय. दर मंगळवारी अपडेट निघण्याआधी रेइनो कॅल्युमेटला येतो, खऱ्या यंत्रावर छापून बघतो आणि जाताना झाकणाच्या आतल्या पट्टीवरून एकदा बोट फिरवतो. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी गुपचूप राबत असेल तर त्याच्या नावाने अधूनमधून बोंब मारत जा. नुसत्या समाधानाने आमचा जीव जातो.

आणि हो, परवाच्या पानाची शेवटची ओळ. खरं तर मी सांगू नये. "रेइनो करतो ती कॉफी म्हणजे कोमट पाणी. झाकण मात्र आठवणीने लावून गेला. मंगळवार फार लांब आहे."

मी ती गिळली. कुणाला बोलू नका.