तुकड्यांचा क्रम

सकाळी सहाला प्रेरणाने मैदानावर पाणी मारले, साडेसहापर्यंत चुन्याच्या रेषा आखल्या आणि सातला नेहमीप्रमाणे खो-खोच्या मुलींची हजेरी घेतली. आठला ती इंग्रजीच्या तासाला बसली. दुपारी चारला अंतिम सामना होता. अकरा वर्षांनी कॉलेज इथवर पोचले होते. वर्ग नुसता फुरफुरत होता.

धम्मपाल सरांनी फळ्यावर लिहिले: गाढवांच्या हुकमाखालचे सिंह.

"हा इंग्रजीतला वाक्प्रचार. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैन्याला तो कायमचा चिकटला. शिपाई शूर, पण मागे नकाशे घेऊन बसलेले सेनापती त्यांना मशीनगनसमोर धाडत राहिले, असा त्याचा रोख. शब्द त्याहून जुने, क्रिमियाच्या युद्धाच्या काळातले. पहिल्यांदा कोण म्हणालं, यावर एकमत नाही."

"सर, गाढवाला कळतं का, आपण गाढव हाय ते?" मागून सत्यम ओरडला.

"कळतं. बहुधा लढाई आटोपल्यावर."

वर्ग खदखदा हसला. प्रेरणाला मात्र कालचा सामना आठवला. काल उपांत्य सामन्यात बचावासाठी तिघी-तिघींच्या तुकड्या तिने कॉलेजच्या रिवाजाप्रमाणे पाठवल्या होत्या: आधी तिसऱ्या वर्षाच्या मुली, मग धाकट्या. त्याच रिवाजाने ती कर्णधार झाली होती. पहिली तुकडी पन्नास सेकंदांत बाद झाली. सामना वाचवला तो दुसऱ्या वर्षाच्या रूपाने, खुलताबादहून रोज एसटीने येणाऱ्या.

तास सुटताच तिने रूपाला जिन्यात गाठले. "आज तुकड्या तू कशा लावशील?"

"खरं सांगू ताई? रागावशील."

"बोल गं!"

"आपली सायली लई चपळ. तिला आधी सोडायचं, समोरच्या पोरी पळून पळून दमतील. त्यांची ती उंच पोरगी खांबाला वळताना अडखळती, तिथं दुसऱ्या तुकडीत मी. तू शेवटच्या तुकडीत. तुझा दम टिकतो, वेग नाय."

रूपा कठड्यावर बोटाने रेषा ओढत होती. प्रेरणाला सगळा सामना डोळ्यांसमोर दिसू लागला. जिंकता येईल! खरंच जिंकता येईल!

"काल का नाही बोललीस?"

"विचारलं कुणी?"

दुपारी तिने प्रशिक्षक सांडू सरांना गाठले. सगळे ऐकून ते एवढेच म्हणाले, "रिवाज मोडतेस? मुली बोलतील."

"बोलू द्या, सर."

साडेतीनला मैदान शिट्ट्यांनी दणाणत होते. पंचांच्या टेबलावर प्रेरणाने तक्ता भरला. तुकड्या रूपाने सांगितल्या तशाच. कर्णधाराच्या रकान्यात रूपाचे नाव.

"नाणेफेकीला कोण?" पंचांनी विचारले.

प्रेरणाने रूपाच्या पाठीला हात लावून तिला पुढे केले आणि स्वतः इतर मुलींमध्ये जाऊन उभी राहिली.