उलटी बसवलेली पायरी

मी एक पायरी बोलतेय. टेक्सासमध्ये, अर्विंगपासून वीस मिनिटांवर 'ऑल्डन स्क्वेअर' नावाची एक बाजारपेठ आहे. तिथल्या ऑफिसच्या दारापुढे मी पालथी पडले आहे. माझं मराठी ऐकून दचकू नका. ते मी आसावरीकडून उचललं, आणि ती पुण्याची असल्यामुळे टोमणेही बरोबरच आले.

माझा जन्म इंग्लंडमधल्या मार्केट ऑल्डन या लहानशा गावचा. दर बुधवारी तिथे बाजार भरे. चौकात दगडी खांबांवर उभं असलेलं बाजारघर होतं. खाली खांबांमध्ये बायका लोणी आणि अंडी विकायला बसत, वर धान्याचे व्यापारी. वर जाणाऱ्या जिन्याची पहिली पायरी मी. तीनशे वर्षं लोकांनी माझ्यावर पाय दिले, शेणाचे बूट माझ्याच कडेला खरवडले, आणि माझ्या मधोमध, पुढच्या कडेपर्यंत उतरलेला बशीसारखा खळगा पडला. तेवढा एकच दागिना मी अंगावर मिरवला.

मग त्याच गावाला मोटारी उभ्या करायला जागा कमी पडली. बाजारघर पाडलं. पाडणारेच पुढे त्याची चित्रं छापलेले चहाचे मग विकू लागले, असं ऐकते. मी एका ठेकेदाराच्या आवारात चाळीसेक वर्षं गवतात पडून राहिले. २००१ मध्ये एक अमेरिकन बिल्डर आला. त्याला त्याच्या नव्या पेठेसाठी 'खरं काहीतरी' हवं होतं. त्याने मला बोटीत घातलं.

इथे पेटीतून बाहेर काढलं आणि मला शिसारी आली. घरांच्या भिंतींवर काळ्या फळ्या चिकटवलेल्या, लाकडी सांगाडा वाटावा म्हणून. वर धुराडी, पण खाली चूल नाही. वरच्या मजल्याला खिडक्या, पण खिडक्यांमागे खोल्याच नाहीत. सिमेंट ओलं असताना त्यावर साचा दाबून फरसबंदी केलेली. आणि सगळीकडे दालचिनीच्या पावाचा गोड वास, इतका की दगडालाही मळमळावं. लोक फोटो काढत म्हणत, "सो क्यूट!"

माझ्या खळग्यात कुणाचा पाय मुरगळला तर कोर्टात खेचतील, म्हणून मला उलटी बसवली. तीनशे वर्षांचा खळगा खाली, सिमेंटात. वर आलेल्या पाठीवर मशीनने आकडा कोरला, १६१२. मी त्यानंतर पन्नास वर्षांनी घडले. पण मला विचारतो कोण?

आसावरी २००४ मध्ये आली. पुण्याला ती आर्किटेक्ट होती, जुन्या इमारतींची डागडुजी हे तिचं काम. नवरा परीक्षित सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर. ही त्याच्या मागे आलेली, डिपेंडंट. हिला नोकरी करायची परवानगी नाही. घर पेठेच्या मागच्याच अपार्टमेंटमध्ये. रोज दुपारी ती इथे फिरायला यायची, आणि पहिल्याच दिवशी तिने त्या खिडक्यांकडे बघून "शी!" म्हटलं. त्याच क्षणी ती मला आवडली.

आठवड्याभरात ती माझ्यापुढे वाकली. समोरच्या कडेचं सिमेंट तडकून पडलं होतं. तिने फटीत बोटं घातली, ती थेट माझ्या खळग्यात.

"अगं बाई, तुला उलटी बसवलीय," ती म्हणाली. "किती पाय पडले असतील तुझ्यावर, आणि ह्यांनी ते पुरून टाकले."

या देशात माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस.

पेठेच्या मॅनेजरबाईंना पाहुण्यांसाठी एक माहितीपत्रक हवं होतं. आसावरीने ते हौसेने, फुकट करून द्यायचं ठरवलं. अट एकच, शेवटच्या पानावर तिचं नाव हवं. परत कधी नोकरी मागायला गेलं तर इथे काही केलं होतं हे दाखवायला एवढी एक ओळ पुरेल, असं ती मला सांगायची. सात महिने ती टेप, पेन्सिल आणि पाण्याची बाटली घेऊन उन्हात उभी होती. मार्केट ऑल्डनच्या ग्रंथालयाला पत्रं लिहून तिने खऱ्या गावाचे नकाशे मागवले. चौदा चित्रं काढली. खरा चौक कसा होता, गल्ल्या कुठे वळायच्या, इथे काय खोटं आहे, आणि इथला एकच खरा दगड कसा पालथा पडलाय, सगळं लिहिलं. तिचा चेहरा त्या दिवसांत उजळला होता.

आता व्हिसावर आलेल्या या मंडळींची एक रीत सांगते. कंपनीने व्हिसासाठी वकील दिलेला असतो, फोन केला तर तो उत्तर देतो. पण हे सल्ला घेणार तो घरोघरचे डबे आणून जमायच्या पॉटलकमध्ये, हातात छोल्यांची प्लेट धरून. तिथले जाणकार म्हणजे नागपूरचा कुमार. एका शनिवारी परीक्षित आणि तो कॉफी घेऊन माझ्यावरच बसले.

"अरे यार, अनपेड असलं तरी ते वर्कच धरतात," कुमार म्हणाला. "नाव छापलं म्हणजे प्रूफच झालं ना. माझ्या कलीगच्या कझिनचं ग्रीन कार्ड असंच अडकलं."

"खरंच?"

"मी तर म्हणतो रिस्कच नको. इमिग्रेशनवाले सगळं गूगल करतात."

कोण कलीग, कोणता कझिन, परीक्षितने विचारलं नाही. वकिलाला विचारलं नाही. बायकोला तर नाहीच. सोमवारी ऑफिसला जाताना तो माझ्यावर पाय देऊन आत गेला आणि मॅनेजरबाईंना सांगून आला, तिचं नाव काढा. बाहेर येऊन त्याने माझ्या कडेला बूट पुसले. शेणाच्या बुटांची मला कधी किळस आली नव्हती. त्या स्वच्छ बुटांची आली.

पत्रक छापून आलं तेव्हा आसावरी माझ्यावरच उभी राहून पानं उलटत होती. चित्रं तिची होती. शेवटच्या पानावर मॅनेजरबाईंचं नाव. माझ्याबद्दल लिहिलेलं सगळं गेलं होतं, फक्त आकडा ठेवला होता, १६१२. आत जाऊन तिने विचारलं, तेव्हा बाई गोंधळून म्हणाल्या की तुमच्या नवऱ्यानेच सांगितलं, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

ती रडली नाही. घरी काय झालं ते मला कळलं नाही. तीनेक वर्षं ती इकडे फिरकली नाही, आणि मी त्या पावाच्या वासात पडून राहिले.

२००७ च्या जुलैत ग्रीन कार्डाची अडलेली रांग अचानक खुली झाली, सगळ्यांनी एकदम अर्ज भरले, आणि त्या अर्जावर हिवाळ्याच्या तोंडावर आसावरीच्या हातात नोकरीचा परवाना पडला. तिला डॅलसच्या एका आर्किटेक्टकडे काम मिळालं. पुढच्या वर्षी इथली दुकानं बंद पडू लागली. पाववाला सर्वांत आधी गेला, तेवढं एक बरं झालं. मालकाने हात वर केले. नव्या मालकाला सगळं जमीनदोस्त करायचं होतं, पण त्याआधी काढून ठेवण्यासारखं काय आहे याचा अहवाल हवा होता. तो लिहायला ऑक्टोबरमध्ये आसावरीच आली. डोक्यावर हेल्मेट, छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर नाव.

परीक्षितही आला. तीन आठवड्यांपूर्वी त्याची नोकरी गेली होती. तो टेपचं दुसरं टोक धरत होता आणि फोटो काढत होता.

संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून लिहू लागली. सगळी पेठ तिने एका वाक्यात निकालात काढली. राहिलेल्या पानभर मी होते. मला उचलताना खालची बाजू जपावी, असं तिने दोनदा लिहिलं. मला कुठे नेणार, अजून ठरलेलं नाही. कुणी नेणार असाल तर कुठेही न्या, मागच्या दाराला लावा, पण माझ्यावर आणखी आकडे कोरू नका. आणि बूट खुशाल पुसा, आधी कुठून चालून आलात तेवढं आठवा.

लिहून झाल्यावर तिने विचारलं, "परीक्षित, फोटो सगळे तू काढलेस. शेवटच्या पानावर तुझं नाव टाकू?"

त्याने रिकाम्या पेठेत दोन्हीकडे पाहिलं. "नको गं. जॉब नाहीये, केस पेंडिंग आहे. उगाच कुठे नाव नको. कुमार पण म्हणत होता..."

"बरं. नाही टाकत." तिने पेनाचं टोपण लावलं. "पण मी विचारलं तुला."

तो टेप गुंडाळत तिथेच उभा राहिला.