मानमोडीचं घर

सोनिवलीत गावदेवीची पालखी दरवर्षी दारोदार थांबे. भगवंतच्या दारावरून मात्र सरळ पुढे जाई. कारण शंभर वर्षांपूर्वीचं. भगवंतचा पणजा मुंबईच्या गोदीत हमाल होता. तो तापाने फणफणत गावी आला नि मेला, आणि त्याच्यामागून मानमोडीच्या साथीत चाळीस माणसं गेली. गावाने खापर फोडायला एक घर शोधलं. आता शेतांत टॉवर उभे राहिले, बट्टा मात्र जिथल्या तिथे.

भगवंतची बायको सखू चाळीस वर्षं ओटीचं ताट घेऊन दारात उभी राही आणि तसंच आत नेई. शेजारची कौसाबाई, एकटी विधवा, तेवढी मागल्या दाराने प्रसाद आणून देई.

यंदा नात रिद्धीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गावच्या मयतांची जुनी वही शोधून वाचून काढली. भगवंतच्या पणजाच्या आठ दिवस आधी त्याच तापाने एक जण गेला होता. कल्याण स्टेशनावर दूध घालणारा, कौसाबाईचा आजेसासरा.

देवळातल्या बैठकीत रिद्धी घसा फोडून सांगत होती, "मानमोडी म्हणजे फ्लू. तो पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या जहाजांतून मुंबईत आला, रेल्वेने सगळीकडे पसरला. यात कोणाचंच पाप नाही." गावाने वहीतलं एक नाव तेवढं उचललं, कौसाबाईच्या आजेसासऱ्याचं.

"मंग त्यांच्या दारान नको थांबवू पालखी," भगवंतच आधी बोलला. "आमी भोगला, आता त्यांनी भोगावा." जन्मभर जोडे खाल्लेला माणूस, पण जोडा हाती येताच त्याने नेम धरून मारला.

सखूच्या ओठांवर बैठकीला नसलेल्या कौसाबाईसाठी शब्द आला होता. पण आपण बोललो आणि आता आपल्या दारी येणारी पालखी पुन्हा फिरली तर? तिला स्वतःची लाज वाटली. तरी तिने शब्द गिळला.

जत्रेच्या दिवशी पालखी सखूच्या दारात थांबली. तिचे डोळे भरून आले. शेजारच्या उंबऱ्यावर कौसाबाई ताट धरून उभी होती; तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

"बाय, आटप," भोई म्हणाला. "आता मधी थांबायचा नाय, सरल वरच्या आलीला जायचाय."

सखूने शेजारी पाहिलं नाही.

"थांब रं जरा," ती म्हणाली. "चालीस वरसांची ओटी भरायची हाय."